मुठीत मावणारं नेत्सुके

किमोनोला खिसे नसतात. म्हणून एदो काळात (१६०३–१८६८) जपानी पुरुष तंबाखूची पिशवी, औषधांची डबी दोरीने कमरपट्ट्याला अडकवत. दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला असे ती कोरीव गुंडी म्हणजे नेत्सुके.

जाणता संग्राहक ती आधी उलटी करून पाहतो. खाली दोरी ओवायची दोन भोकं असतात. त्यातलं एक बरेचदा मोठं, गाठ आत लपावी म्हणून. आकार प्राण्याचा असेल, तर सशाचे कान, उंदराची शेपटी, सगळं अंगाला चिकटवून कोरलेलं. टोक बाहेर राहिलं तर रेशमात अडकायचं. वर्षानुवर्षं हात आणि कापड लागून चढलेली झिलई तर कोरीवकामाइतकीच मोलाची! ती नव्या नकलेत सहजी येत नाही. हस्तिदंती नमुन्यांच्या व्यापारावर आता अनेक देशांत कडक बंधनं आहेत. पण लाकडी नेत्सुकेही तितकीच देखणी असतात.