वाढतीं माणसें आणि पाण्याचा वांटा

घरीं अवचित पाहुणे आले, तर गृहिणी आमटींत तांब्याभर पाणी वाढवून वेळ निभावून नेते. पण पाणीच जेथें अपुरें, तेथें कशांत काय वाढवावयाचें? लोकसंख्येच्या प्रश्नाचें मर्म या साध्या अडचणींत सांपडतें.

माणसें गुणाकारानें वाढतात व अन्न बेरजेनें वाढतें, असा सिद्धांत माल्थस या इंग्रज पाद्र्यानें 1798 सालीं मांडला. सुधारलेलें बियाणें, खतें व कालवे यांनीं त्याचें अन्नाविषयींचें भाकीत पुष्कळसें खोटें पाडलें. पाण्याची गोष्ट निराळी आहे. बियाणें सुधारतां येतें, पाऊस सुधारतां येत नाहीं. भारताची लोकसंख्या 1951 च्या शिरगणतींत सुमारें 36 कोटि होती. 2011 च्या शिरगणतींत ती 121 कोटि भरली. सरकारी हिशोबाप्रमाणें याच अवधींत दरमाणशीं वार्षिक पाणी 5,177 घनमीटरांवरून 1,545 घनमीटरांवर उतरलें.

मात्र सरासरीनें कोणाची तहान भागत नाहीं. एकाच गांवांत एकाचा ऊंस डोलत असतां शेजाऱ्याच्या ज्वारीस एक पाणीहि मिळत नाहीं, हा देखावा महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. याचें मूळ माणसांच्या संख्येंत जितकें आहे, तितकेंच वांटणीच्या रीतींत आहे. जमिनीखालचें पाणी हें जमिनीच्या मालकाचें, असें मानण्याची वहिवाट पूर्वापार चालत आली. ज्याची जमीन मोठी व विहीर खोल, त्याचें पाणी अधिक; भूमिहीनाच्या वांट्यास कांहींच नाहीं.

वांटणीची याहून शहाणी रीत आपल्याकडे नव्हती असें नव्हे. नाशिक व धुळें भागांत मोसम, पांझरा या नद्यांच्या कांठीं शतकानुशतकें फडपद्धति चालत आली. नदीस बंधारा घालून पाट काढावयाचा, भिजणाऱ्या जमिनीचे मोठाले फड पाडावयाचे, आणि एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पाणी पाटकऱ्यानें द्यावयाचें. शेतकऱ्यानें स्वतः दार उघडावयाचें नाहीं. एकाची जमीन अनेक फडांत विखुरलेली असे. त्यामुळें पाणी उणें पडून एखादा फड कोरडा राहिला, तरी तोटा सर्वांत वांटला जाई. तथापि येथेंहि जमीन नसलेल्यास पाणी नव्हतें.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत झाला. 1972 च्या दुष्काळांत तेथील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले. पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं ही दैना पाहिली, आणि नायगांव येथें देवस्थानची 40 एकर माळजमीन खंडानें घेतली. बांधबंदिस्ती करून, पावसाचें पाणी अडवून व विहीर खणून त्यांनीं त्या माळावर पीक उभें केलें. पुढें गांवोगांव जी व्यवस्था बसविण्यांत आली, तिला पाणी पंचायत हें नांव मिळालें.

तिचे नियम मोजके आहेत. पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या मानानें द्यावयाचें: दरमाणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासहि त्यांत वांटा. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनीं स्वतः उभारावयाचा. ऊंस लावावयाचा नाहीं. कारण एक एकर ऊंस जेवढें पाणी पितो, तेवढ्यांत कित्येक एकर ज्वारी निघते.

अडीच एकरांची मर्यादा विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. पांच माणसांपर्यंत वांटा वाढतो. पुढें घरांत डोकीं कितीहि वाढलीं, तरी पाणी वाढत नाहीं. अशा रीतीनें मोठ्या जमीनदारास व मोठ्या कुटुंबास एकाच नियमानें सीमा पडते, आणि तीहि कोणास कमी न लेखतां.

अशा सर्वच योजना टिकल्या नाहींत. पाणी उपसण्यास वीज लागते, विजेचें देणें थकतें. शिवाय नगदी पिकाचा मोह आवरणें सोपें नसतें. तरीहि हें बीज वांया गेलें असें म्हणतां येत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास बंदी केली. पडलेला पाऊस मोजावयाचा आणि त्यावरून कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ग्रामसभेंत ठरवावयाचें, असा परिपाठ तेथें पडला.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण 2 वर आल्याचें दिसून आलें. तरुणांची संख्या मोठी असल्यानें लोकसंख्या आणखी कांहीं दशकें वाढत राहील व मग तिची वाढ थांबेल. संख्येची वाढ अशी काळानें मंदावते. वांटणीचा नियम मात्र काळ घालून देत नाहीं. तो पाऊस पडून विहिरी भरलेल्या असतांनाच गांवानें एकत्र बसून ठरवावा लागतो; विहीर आटल्यावर वांटावयास उरतें तें केवळ भांडण.