चला, झाडांना पाणी घालायला!

पावसाचा आवाज तुम्हांला आवडतो ना? मलाही आवडायचा. पत्र्यावर सरी वाजू लागल्या की कांदाभजी करायची, ही आमच्या घरची रीतच होती! पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई आमच्या सांगलीच्या घरात शिरली आणि ती हौसच गेली. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका समजतात. त्या वर्षी ते ५७ फुटांवर चढलं. आमचं घर तळमजल्यावर. परत आलो तेव्हा भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती आणि लग्नातलं लाकडी कपाट फुगून बसलं होतं.

सामानाचं काय हो, ते पुन्हा जमवता येतं. झोप काही जमेना. ढग गडगडला की मी उठून बसायचे, दार उघडून अंगण बघायचे. मी शाळेत सकाळचे दोन तास मराठी शिकवते. 'पावसाळा' हा निबंध मुलींना सांगताना घसा दाटून यायचा. कुणाला सांगावं तर "सगळ्यांचंच झालंय, तुझं काय वेगळं?" हे उत्तर ठरलेलं. म्हणून गप्प राहायचे.

कार्तिकात शेजारच्या काकूंनी मला आवळीभोजनाला ओढूनच नेलं. आम्ही बारा-तेरा जणी, आवळीचं एक झाड, आणि डब्यांतून भरली वांगी, भाकरी, दहीभात. पहिली पंधरा मिनिटं मी नुसतीच घास चिवडत होते. मग एक जण म्हणाली, "आमच्या पाट्यावर काही वाटायला घेतलं, की अजून चिखलाचा वास येतो बाई!" दुसरीनं गाद्यांचं सांगितलं, तिसरीनं रात्रीचं. रात्री उठून अंगण बघणारी मी एकटीच नव्हते तर! मैत्रिणींनो, त्या दुपारी आम्ही रडलो किती आणि हसलो किती, याचा हिशेब नाही. तसं बैठकीच्या खोलीत बोलता आलं नसतं. तिथं चहाचे कप असतात, घरातले पुरुष असतात.

त्याच झाडाखाली ठरलं, की वसाहतीतल्या मोकळ्या जागेत झाडं लावायची.

खरं सांगायचं तर मला ही कल्पना माहेरच्यांमुळे पटली. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. इकडे पाण्याची भीती, तर तिकडे पाण्याची वाट! २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. त्यात कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली होती. २० एप्रिल ते ५ जून, म्हणजे ऐन उन्हाच्या कारात, बायाबापड्यांनी पहाटे उठून समतल चर खणले. पहिलं ५० लाखांचं बक्षीस आमच्याच तालुक्यातल्या वेळू गावाला मिळालं. आमच्या वहिनीही आपल्या गावच्या श्रमदानाला जायच्या. बक्षीस नाही मिळालं त्यांना. पण त्या म्हणतात, "वन्सं, पहिल्या दिवशी हाताला फोड आले, अन् चौथ्या दिवशी जिच्याशी बोलत नव्हते, तीच घमेलं पुढं करत होती बघा."

आणि सागरेश्वर पाहिलंय ना तुम्ही? नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवर ते उघडेबोडके डोंगर होते. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहित्यांनी ध्यास घेतला, माणसं जोडली, आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. क्षेत्र साडेदहा चौरस किलोमीटरांहून थोडं जास्तच. आज तिथं हरणं फिरतात. माणसांनी लावलेलं रान आहे ते! आमच्या ह्यांनी तिथं पोचल्यावर पहिल्यांदा चहाची टपरी शोधली, ते जाऊ द्या.

तुम्हांलाही असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या चुकांतून शिका. जागा मोकळी दिसली म्हणून खड्डे खणू नका, आधी रीतसर परवानगी घ्या. कडुनिंब आणि जांभळाच्या बिया डब्यात घालून ठेवू नका, त्या ताज्याच पेराव्या लागतात. आमच्या पहिल्या बिया अशाच वाया गेल्या! बहाव्याच्या बीचं कवच टणक असतं. कढत पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा. आणि लावण्याचा दिवस फोटोपुरता, खरी परीक्षा मार्च ते मे. दोघीदोघींच्या पाळ्या लावा. एकटीला पाळी देऊ नका. एकटी असली की कंटाळा येतो, दोघी असल्या की गप्पांच्या ओढीनं पाणी पडतं.

आमची रोपं २०२०च्या पावसात लागली, तोंडाला फडकी बांधून आणि अंतर राखून. एकूण तीस. 

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढू लागली. झोप उडाली, नाही म्हणत नाही. पण या खेपेला पाळीच्या वहीत सगळ्यांचे फोन होते. कुणाकडे म्हातारं माणूस आहे, कुणाची गाडी आहे, वरच्या मजल्यावर जागा कुणाकडे, हे पाणी घालताघालता आम्हांला पाठ झालं होतं. पाणी गल्लीत यायच्या आत माझ्या सासूबाईंची कॉट काकूंच्या वरच्या मजल्यावर गेली होती. तांदळाचा डबाही गेला, शिलाईचं मशीनही. रात्री आम्ही सात जणी एकाच खोलीत जाग्या होतो, आणि कुणीतरी चक्क भेंड्या लावल्या!

पाणी उतरल्यावर आधी घर धुतलं आणि मग झाडांकडे गेलो. रोपं कितीतरी दिवस गढूळ पाण्यात उभी होती. करंज आणि जांभळं तगली. बहावे मात्र सगळे गेले. काकू थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यांना उंचावरची जागा हवी होती गं. या वर्षी शाळेच्या बाजूला लावू."

मी घरी येऊन बहाव्याच्या शेंगांचा डबा शोधला. तोही वरच्याच मजल्यावर होता.