पिंपळावरचा मुंजा कुठे गेला?

पिंपरीच्या नावात पिंपळ ऐकू येतो. चिंचवडच्या नावात तर चिंच आणि वड असे दोन्ही. आजीच्या गोष्टींत ही तिन्ही झाडे भुतांची हक्काची घरे! पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ आणि वडाखालून अमावस्येच्या रात्री जाणारी वेताळाची पालखी.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि नंतर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. शेते गेली, विहिरी बुजल्या, रस्ते रुंद करताना जुनी झाडे पडली. रात्रपाळीच्या बसगाड्या आणि विजेचे दिवे आले, तसा काळोखही गेला. मग बिचाऱ्या मुंजाने राहावे तरी कुठे?

आता याच भागातल्या मोठ्या दुकानांत ३१ ऑक्टोबरच्या सुमारास प्लास्टिकच्या कवट्या आणि डोळे कोरलेले भोपळे दिसतात. हा ‘हॅलोवीन’. त्याला नावे ठेवू नका, कारण त्याचे मूळ शेतकऱ्याच्याच घरात आहे. आयर्लंडमध्ये पीक घरात आले, डोंगरावरची गुरे खाली आणली, की हिवाळ्याच्या तोंडावर हा सण येई. त्या रात्री मेलेली माणसे घराकडे फिरकतात, असा समज होता. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. पोटासाठी अमेरिकेत गेल्यावर त्यांना कोरायला सोपा असा भोपळा मिळाला. आपणही भाद्रपदात पितरांसाठी पान वाढतो आणि कावळ्याची वाट पाहतो. गेलेल्या माणसाची आठवण सगळीकडे सारखीच.

गोष्टीमागचे शहाणपण

आपल्या भुतांकडे जरा नीट पाहा. मुंजा कोण? मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा. हडळ कोण? बाळंतपणात दगावलेली बाई. ज्या काळी घरोघर अशी दुःखे होती, त्या काळी ती उघड बोलता येत नव्हती. म्हणून ती झाडावर जाऊन बसली.

काही गोष्टी राखणदाराचे काम करीत. डोहाकाठी साती आसरा असतात, एकट्याने जाऊ नये, असे सांगितले की पोरे खोल पाण्यापासून लांब राहत. रात्री दारे धरायला गेलेला माणूस वाट चुकून पुन्हा त्याच बांधावर येई, त्याला चकवा म्हणत. अंधारात खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालत नाही, नकळत वळतो आणि गोल फिरतो. आजही रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाल, तेव्हा चांगली बॅटरी आणि एखादा सोबती जवळ असू द्या.

‘त्या पडक्या विहिरीत उतरलेला वर येत नाही’ ही गोष्टही ऐकली असेल. ती खोटी नाही, फक्त मारेकरी भूत नसते. बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी होतो. उतरलेला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. अशा विहिरीत उतरू नका, आणि कोणी पडला तर त्याच्यामागे उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवा.

मात्र प्रत्येक समजुतीला शास्त्राचा टिळा लावण्याचेही कारण नाही. चिंचेखाली रात्री झोपू नये, झाड दूषित हवा सोडते, असे सांगतात. झाड रात्री जो कर्बवायू सोडते तो उघड्यावर अगदीच थोडा असतो. विंचू-सापाची भीती मात्र खरी.

कागदावरची आणि पडद्यावरची भुते

पारावरची गोष्ट पुढे छापखान्यात गेली. ‘नवल’सारख्या मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी ती घरोघर नेली. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी वाचकांना कंदील मोठा करायला लावले. १९७६ सालचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आठवतो का? भुताची भीती दाखवत तो माणसाच्या मनात शिरला. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचू नावाच्या बाहुल्याला तर पोरे घाबरत आणि हसतही. अलीकडे ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) हे हिंदी चित्रपट गाजले. गंमत अशी, की आपल्याच मातीतले भूत हिंदी बोलून शहरातून परत आले!

गोष्ट राखा, भीती टाका

पण या गोष्टींची एक काळी बाजू आहे. झाडावरची हडळ गोष्टीत राहिली तोवर ठीक. एखाद्या विधवेला, एकट्या बाईला ‘चेटकीण’ म्हटले गेले, की गोष्टीचा घात झाला. आजारी सुनेला ‘झपाटले’ म्हणून भगताकडे नेले, मारझोड झाली, असे प्रकार आपल्या राज्यात घडले आहेत. त्याविरुद्ध आयुष्यभर झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे, हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. साप चावला तर गाडी दवाखान्याकडेच वळवा.

मग गोष्टी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिथल्या गोष्टीची नसते. उद्या जमीन कारखान्याला गेली की विहीर बुजेल, आणि गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ती माणसेही थकली आहेत.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत एक करा. नातवंडांच्या हाती एक वही द्या आणि आजीसमोर बसवा. कोणते झाड, कोणता डोह, कोणी पाहिले आणि कोणाकडून ऐकले, सारे लिहून घ्या. शेवटी मुलांना विचारा, ‘खरे काय असेल रे?’ पोरे घाबरतील, हसतील आणि विचारही करतील.

पिंपळ गेला असेल, पण मुंजा त्या वहीत सुखाने राहील.