लक्ष्मी रस्ता : गिऱ्हाईक पायीच दुकानात येते

पुण्यातील कापडाची मोठी किरकोळ पेठ म्हणजे लक्ष्मी रस्ता. क्वार्टर गेटकडून निघून तो थेट टिळक चौकापर्यंत जातो. लग्नाचा बस्ता बांधायला बाहेरगावची मंडळीही इथेच येतात.

या भागाची घडणच पायी चालणाऱ्यांसाठी झाली. नाना फडणीसांचे बेलबाग मंदिर आणि तुळशीबागेचे राममंदिर पेशवाईतले. मंडईची इमारत १८८६ ची. देवदर्शन, भाजी आणि कापड एकाच फेरीत व्हायचे. दोन्ही बाजूंना वीट-लाकडाचे वाडे होते. त्यांच्या रस्त्याकडील खोल्यांत दुकाने थाटली गेली. पुढे बरेच वाडे पाडून सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, पण अनेक दुकानांची ठेवण तीच राहिली : तोंड अरुंद, आत खोली भरपूर. अशा दुकानातला माल धावत्या गाडीतून दिसत नाही. पाय थांबला तरच ठाण उलगडते.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला. त्या दिवशी उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला. पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला. मात्र रस्ता कायमचा बंद करण्याचा विषय निघाला की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. गाडी अडली की गिऱ्हाईक तुटेल, ही भीती.

कोपनहेगनच्या व्यापाऱ्यांनाही हीच भीती होती. तेथील स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांना बंद झाला, तेव्हा दुकानदारांनी विरोध केला. नंतर गर्दी आणि विक्री दोन्ही वाढली.

तरीही आपली अडचण खरी आहे. गठ्ठे उतरवायला टेम्पो दारात लागतो. वयस्कर गिऱ्हाइकाला लांब चालवत नाही. आणि फिरायला आलेला प्रत्येक जण खरेदी करतोच असे नाही. म्हणून माल उतरवण्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवावी, वृद्धांसाठी लहान वाहनाची सोय करावी, हातगाडी-पथारीवाल्यांना ठरलेली जागा द्यावी. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईचे मेट्रो स्थानकही सुरू झाले आहे.

व्यापारी बंधूंनो, नुसता विरोध करण्यापेक्षा हिशेब मांडा. बंदीच्या दिवसाचा गल्ला आणि एरवीचा गल्ला वहीत शेजारी-शेजारी लिहा. तीच वही पालिकेपुढे ठेवली, तर आपल्या शब्दाला वजन येईल.