जन्मजात वेगळी हृदयधमनी: मोठेपणी कळली तर काय करायचं?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या कारखानदारीच्या पट्ट्यात तरुण कामगाराच्या छातीत दुखलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. पन्नाशीचा असेल तर ‘ब्लॉकेज’. आज तिसरी शक्यता बघू: हृदयाला रक्त पुरवणारी धमनीच जन्मापासून वेगळ्या जागेहून निघालेली असते.

अशा धमन्या दोन. महाधमनीच्या बुडाशी डावी डावीकडून निघते, उजवी उजवीकडून. साधारण शंभरात एकाची रचना वेगळी असते. बहुतेकांचं त्यामुळे काहीच बिघडत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या अँजिओग्राफीत ती अचानक दिसते.

मग धोका कुठे? डावी धमनी उजवीकडून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जाते, तिथे. तिचं तोंड बऱ्याचदा फटीसारखं अरुंद असतं, सुरुवातीचा भाग महाधमनीच्या भिंतीतूनच जातो. बसल्याजागी रक्त पुरतं. श्रम वाढले की कमी पडतं. म्हणूनच कंपनीच्या वार्षिक तपासणीत झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. धडधाकट शरीर हाही पुरावा नाही. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच दहा हंगाम व्यावसायिक खेळला. १९८८ साली वयाच्या ४०व्या वर्षी खेळतानाच कोसळून गेला. त्याला डावी हृदयधमनी जन्मतःच नव्हती, हे नंतर कळलं.

तेव्हा जड माल उचलताना, जिना चढताना, रविवारी क्रिकेट खेळताना छाती आवळली किंवा शुद्ध हरपली, तर ‘उपाशी होतो’ म्हणून सोडू नका. कंत्राट जाईल या भीतीने पुष्कळजण हे लपवतात. पण निदान झालं म्हणजे नोकरी संपली, असं नाही.

सीटी अँजिओग्राफीत धमनीची वाट दिसते. श्रमाच्या चाचणीत रक्त कमी पडतं का, ते कळतं. त्रास असेल किंवा चाचणीत दोष दिसला, तर शस्त्रक्रिया करून तोंड मोकळं करतात. डावी धमनी अशी धोक्याच्या वाटेने जात असेल, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार होतो. उजवी डावीकडून निघाली आणि तक्रार नसेल, तर बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. तोवर जड काम करायचं की नाही, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डॉक्टरांना ‘दुखतंय’ एवढंच सांगू नका. काय करताना दुखलं, तेही सांगा. आणि शेजारचा कोसळला, श्वास थांबला, तर १०८ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करा.