शिष्यवृत्ती आणि बँकेच्या नावाने येणारे संदेश: खरे कोणते, खोटे कोणते?

"आपले खाते आज रात्री बंद होणार आहे. केवायसी अपडेट करण्यासाठी खालील लिंक दाबा." परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, कुठल्याही तालुक्यातील वस्तीत विचारा, असा संदेश कधीच न आलेला फोन सापडणे कठीण. कधी तो ई-मेलने येतो, कधी एसएमएसने, कधी व्हॉट्सॲपवर फाइल जोडून. वर नाव असते बँकेचे, फोन-पेचे, महाडीबीटीचे किंवा लाडकी बहीण योजनेचे. गळाला आमिष लावून मासा पकडावा, तशी ही फसवणूक. म्हणूनच तिला फिशिंग म्हणतात.

फसलेल्या माणसाला आपण पटकन अडाणी ठरवतो. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मात्र वेगळे दिसते. खरी यंत्रणाही लोकांना अशीच कामे सांगत असते. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, जोडणीत घोळ झाला की अडकतो. स्वाधार योजनेच्या हप्त्यावर विद्यार्थ्याची खोली आणि मेस चालते. लाडकी बहीण योजनेसाठी 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. अशा वेळी "तुमचा हप्ता अडकला आहे" हा संदेश आला, की तो खोटा वाटतच नाही, कारण तीच भीती मनात आधीपासून असते. चोर गळ टाकतो तो या वाट पाहण्यावर. म्हणून दोष देऊन उपयोग नाही, तपासण्याची सवय लावली पाहिजे.

एकच मुख्य नियम

संदेश कितीही खरा वाटला, तरी त्याची खात्री त्याच संदेशातल्या लिंकवरून किंवा नंबरवरून करायची नाही. बँकेचे ॲप स्वतः उघडा. पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. महाडीबीटीचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. नाहीतर सरळ शाखेत जा. अर्जात किंवा खात्यात खरोखर त्रुटी असेल, तर ती तिथेही कळेलच. तिथे काहीच नसेल, तर संदेश खोटा समजून सोडून द्यावा.

तपासताना काय पाहावे?

पत्ता: ई-मेलमध्ये वर दिसणारे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. त्या नावावर बोट ठेवून खरा पत्ता पाहा. बँकेचा ई-मेल साध्या जीमेल खात्यावरून येत नाही. वेबसाइटचा पत्ता शेवटाकडून वाचावा. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'नंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे लिहिले असेल तोच खरा मालक. सुरुवातीला बँकेचे नाव घालून शेवटी भलताच पत्ता जोडणे ही जुनी युक्ती आहे. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले तरी घाईत फरक कळत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. महाराष्ट्र शासनाची अनेक पोर्टल्स 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतात.

पत्ता खरा निघाला तरी निर्धास्त होऊ नये. पेपॅलसारख्या कंपनीच्या खऱ्या यंत्रणेतून खोटी बिले पाठवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. पत्ता कंपनीचा, पण बिलाखाली लिहिलेला 'मदत क्रमांक' चोराचा. वरचा नियम इथेच कामी येतो.

एसएमएस: बँकेचा एसएमएस दहा अंकी मोबाइल नंबरवरून येत नाही, नोंदणीकृत नावाने येतो. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते: जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', शासकीय संदेशाला 'जी'.

मागणी: ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कोणतीही बँक विचारत नाही. भीम ॲप असो की गुगल-पे, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. "पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका" असे कोणी म्हणाले, तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार हे नक्की.

फाइल: 'एपीके' नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. अशी फाइल फोनमध्ये बसली आणि आपण परवानगी दिली, की ती आपले एसएमएस वाचू शकते. मग ओटीपी कोणाला सांगावाही लागत नाही, तो परस्पर चोराकडे जातो.

भाषा: पूर्वी चुकीच्या मराठीवरून खोटा संदेश ओळखू यायचा. आता यंत्र शुद्ध मराठी लिहून देते. आपले नाव, महाविद्यालय, आधारचे शेवटचे आकडे संदेशात असले तरी तो पुरावा नाही, कारण अशी माहिती बाहेर फुटते. "आजच करा, नाहीतर रद्द" ही घाई मात्र अजूनही चोराची मोठी खूण आहे.

कार्यकर्त्यांची जबाबदारी

आपल्या ग्रुपवर दादा किंवा ताईने लिंक टाकली, की वस्ती ती खरी मानते. हा विश्वास वर्षानुवर्षांच्या कामातून मिळालेला आहे. म्हणून स्वतः तपासल्याशिवाय योजनेची लिंक पुढे पाठवू नये. घरातही आई-वडिलांचा फोन बहुधा शिकलेल्या मुला-मुलीच्याच हातात असतो, तेव्हा ही सवय आधी त्यांना लागली पाहिजे.

पैसे गेलेच तर

ताबडतोब 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवून खाते, कार्ड थांबवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत असतो. तक्रार लवकर झाली तर वाटेतच रक्कम गोठवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणजे लाजेने गप्प बसण्यात घालवलेला प्रत्येक तास आपल्याच पैशाने मोजावा लागतो.

आमची एक सूचना आहे. रविवारी विहारात बैठक होते, तेव्हा अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकाने पासबुक आणावे, बँकेचा छापील नंबर आणि 1930 एका कागदावर लिहून घरात भिंतीला लावावा. पुढचा संदेश येईल तेव्हा फोनमधली लिंक दाबण्याआधी त्या कागदाकडे पाहिले, तरी पुष्कळ काम होईल.