एक मोहोर कीं मूठभर रुपये?

सन २०२५ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस एके दिवशीं सकाळींच माझ्या पुतण्याचा अमेरिकेहून फोन आला. नोकरीनिमित्त तो कांहीं वर्षांपासून ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरीं राहतो. घरची खुशाली विचारून होते न होते तोंच तो म्हणाला, "काका, आमच्या गांवानें पुन्हां एकदां मोहोर मोडून रुपये घेतले!" त्याच्या स्वरांत आनंद होता कीं खेद, हें मला कळेना, आणि मीं विचारलें तेव्हां त्यालाहि तें नीट सांगतां येईना. त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यांत माझे पुढचे कित्येक दिवस गेले. विषय परक्या देशाचा व परक्या खेळाचा खरा. पण ज्यानें जन्मभर मुलें शिकविलीं त्याला टाळतां येऊं नये, असा एक प्रश्न त्यांतून निघाला. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत चेंडू पायापेक्षां हातानेंच अधिक खेळला जातो. चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता; मैदानांत एका वेळीं प्रत्येक बाजूचे अकरा गडी; आणि आक्रमणाचीं सारीं सूत्रें 'क्वार्टरबॅक' नांवाच्या एकाच गड्याच्या हातीं. या खेळाचे धंदेवाईक संघ ३२ आहेत. महाविद्यालयांतून तयार होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांची त्यांच्यांत वांटणी व्हावी म्हणून दरवर्षीं निवडीचा मोठा समारंभ होतो. त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. शाळेच्या पटांगणांत दोन म्होरके आळीपाळीनें गडी वांटून घेतात, तसाच हा प्रकार. विशेष इतकाच कीं, मागील हंगामांत जो सर्वांत अधिक हरला त्याची पाळी पहिली. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून ही पद्धत निघाली व पहिला ड्राफ्ट १९३६ सालीं झाला. दुर्बळाच्या पानांत आधीं वाढावें, हा त्यांतील न्याय. गंमत अशी कीं, त्या पहिल्याच ड्राफ्टमध्यें ज्याचें नांव सर्वांच्या आधीं पुकारलें गेलें, तो जे बरवँगर नामक तरुण धंदेवाईक स्पर्धेंत एकहि सामना खेळला नाहीं!

आतां मुख्य पेंच. ही पाळी दुसऱ्यास देतां येते. आपली वरची पाळी एखाद्या उतावीळ संघास द्यावी आणि त्याच्याकडून खालच्या दोन, तीन, चार पाळ्या घ्याव्या, असा व्यवहार चालतो. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डॅलसच्या संघानें त्यासाठीं एक कोष्टकच तयार केलें. पहिल्या पाळीचे ३००० गुण, दुसरीचे २६००, पांचवीचे १७००, बत्तिसावीचे ५९०. जणू सराफाच्या पेढीवरील दरपत्रक. २०२५ सालीं क्लीव्हलंडची पाळी दुसरी होती. त्या वर्षीं ट्रॅव्हिस हंटर या तरुणाचें नांव सर्वांच्या तोंडीं होतें. आक्रमण व बचाव या दोन्हीं बाजूंनीं खेळणारा असा गडी क्वचितच निपजतो, आणि १९२४ नव्हे, २०२४ सालीं, जेव्हां प्रत्येक कामाला वेगळा तज्ज्ञ असतो, त्यानें तें करून महाविद्यालयीन खेळांतील हाइजमन हें सर्वोच्च पारितोषिक मिळविलें होतें. क्लीव्हलंडनें ती पाळी जॅक्सनव्हिलला दिली. मोबदल्यांत पांचवी पाळी, छत्तिसावी पाळी, आणखी एक खालची पाळी व पुढील वर्षाची पहिल्या फेरीची पाळी घेतली. हीच ती मोडलेली मोहोर.

पुतण्याच्या स्वरांतील संभ्रमाचें कारण त्या गांवाच्या इतिहासांत आहे. १९९५ चा हंगाम संपल्यावर मालकानें तेथील संघच उचलून बाल्टिमोरला नेला. १९९९ मध्यें नवा संघ मिळेपर्यंत गांव संघावांचून राहिलें. त्यानंतर २०११ सालीं क्लीव्हलंडनें आपली सहावी पाळी अटलांटाला देऊन पांच पाळ्या घेतल्या. अटलांटानें जूलियो जोन्स हा चेंडू झेलणारा गडी निवडला. तो आपल्या पिढींतील अग्रगण्य ठरला. क्लीव्हलंडच्या पांच पाळ्यांतून जे आले, त्यांपैकीं कोणीहि तेथें फार काळ टिकला नाहीं.

२०१६ सालीं दुसरी पाळी फिलाडेल्फियाला दिली. त्यांनीं कार्सन वेन्ट्झ हा क्वार्टरबॅक घेतला. मोबदल्यांत आलेली एक पाळी २०१७ सालीं बारावी ठरली. क्लीव्हलंडनें तीहि ह्यूस्टनला दिली, आणि ह्यूस्टननें तिच्यावर डेशॉन वॉट्सन हा क्वार्टरबॅक उचलला. इकडे क्लीव्हलंडनें २०१६ मध्यें १६ सामन्यांपैकीं एक जिंकला व २०१७ मध्यें एकहि जिंकला नाहीं. २०१८ च्या जानेवारींत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, हजारों लोकांनीं क्रीडागाराभोंवतीं शून्याच्या आकृतींत मिरवणूक काढली आणि त्याच निमित्तानें गरिबांसाठीं अन्नहि जमविलें. पुढील महिन्यांत फिलाडेल्फियानें अजिंक्यपद मिळविलें. आणि कळस असा कीं, २०२२ सालीं क्लीव्हलंडनें त्याच वॉट्सनला आणण्यासाठीं ह्यूस्टनला पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या दिल्या व त्याला २३ कोटी डॉलरांची हमी दिली. बंदी आणि दुखापती यांमुळें तो पहिल्या तीन वर्षांत १९ सामने खेळला. जी वस्तु आपण दारावरून परत पाठविली, तीच पुढें दसपट मोलानें आणावी लागली!

इतकें वाचून कोणीहि म्हणेल कीं, पाळी विकणें हा मूर्खपणा. पण थोडें थांबावें. केड मॅसी व रिचर्ड थेलर या दोन विद्वानांनीं (यांतील थेलर यांना पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) अनेक वर्षांच्या निवडी तपासून २०१३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेले दोन गडी घेतले, तर आधीं निवडलेला अधिक चांगला निघण्याचा संभव शेंकडा ५२ च्या आसपास, असें त्यांना आढळलें. नाणें उडविण्याहून हें फारसें वेगळें नाहीं. निवडणाऱ्यांचा आपल्या पारखीवरील विश्वास पारखीपेक्षां फार मोठा असतो, हा त्यांचा निष्कर्ष. आपल्या शास्त्रकारांनीं स्थालीपुलाकन्याय सांगितला: एक शीत चेपून भाताची परीक्षा. पण येथें प्रत्येक शीत निराळ्या भातांतलें! टॉम ब्रेडी हा २००० सालीं १९९ वा निवडला गेला आणि त्यानें सात अजिंक्यपदें मिळविलीं. त्याला निवडणारांचेंहि तें यश काकतालीयच म्हटलें पाहिजे, कारण त्यांना जर तें आधीं ठाऊक असतें तर ते १९९ व्या पाळीपर्यंत थांबते ना.

म्हणून पाळ्या जितक्या अधिक तितकें बरें, असा नियम दिसतो. आणि तो फळलेलाहि आहे. २०२३ सालीं शिकागोनें पहिली पाळी कॅरोलिनाला देऊन एक उत्तम गडी व चार पाळ्या घेतल्या. कॅरोलिना त्या वर्षीं १७ पैकीं १५ सामने हरली, आणि त्यामुळें तिच्याकडून आलेली पुढील वर्षाची पाळी पुन्हां पहिलीच निघाली! परंतु २०१७ सालीं बफेलोनें दहावी पाळी कॅन्सस सिटीला दिली, आणि त्या पाळीवर आलेल्या पॅट्रिक महोम्सनें २०२० ते २०२४ या काळांत तीन अजिंक्यपदें मिळविलीं. शिवाय २०२१ पासून २०२५ पर्यंत बफेलोलाच बाद फेरींत चार वेळां घरीं पाठविलें. हा क्वार्टरबॅक होता, हें ध्यानांत ठेवावें. बाकीच्या जागा दोघांतिघांनीं मिळून भरून काढतां येतात. त्या एका जागेवर मात्र दोन मध्यम गडी मिळून एक उत्तम होत नाहीं. शिवाय २०११ च्या वेतनकरारानंतर मोहोर स्वस्तहि झाली आहे. २०१० सालीं पहिल्या पाळीच्या गड्याशीं सहा वर्षांचा ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा करार झाला होता. पुढच्याच वर्षीं पहिल्या पाळीच्या गड्याचा करार चार वर्षांचा व सुमारें २ कोटी २० लक्षांचा झाला.

हें सारें वाचीत असतां मला माझा एक वर्ग आठवला. त्या वर्षीं वर्गांत एक अलौकिक बुद्धीचा मुलगा होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं मीं माझ्या साऱ्या संध्याकाळीं त्याला दिल्या. त्याला यश आलें. त्याचें नांव झालें, आणि खोटें कशाला बोलूं, माझेंहि झालें. त्याच वर्गांतील पांचसहा मुलें थोडथोडक्या गुणांनीं मागें राहिलीं. त्यांतला एक शाळा सोडून वडिलांच्या दुकानीं बसला. पुढें बऱ्याच वर्षांनीं भेटला तेव्हां अत्यंत आदरानें म्हणाला, "गुरुजी, शाळा सुटल्यावर तुम्ही मला कधींच थांबवून घेतलें नाहीं." पुढच्या वर्षीं मीं संध्याकाळी सर्वांना सारख्या वांटल्या. पण रोज कोणाला काय दिलें, कोठें अडलें, याची टिपणें ठेवलीं नाहींत. आणि त्या वर्षीं कोणाचेंच फारसें कल्याण झालें नाहीं. माझी चूक वांटण्यांत नव्हती. वांटल्यावर माझें काम संपलें असें मानण्यांत होती.

क्लीव्हलंडचेंहि मला तसेंच दिसतें. पाळी विकल्यानें निवड टळत नाहीं. एक निवड टळते व चार पदरीं पडतात. ज्याला स्वतःच्या पारखीचा भरंवसा नाहीं त्यानें अधिक पाळ्या घ्याव्या हें शहाणपणाचें. पण त्या चार निवडी करणारी दृष्टि तीच, आणि निवडलेल्याला घडविणारे हातहि तेच. न्यायानें सांगायचें तर त्यांचें सर्वच वायां गेलें नाहीं. ह्यूस्टनकडून आलेल्या पाळीवर २०१८ सालीं डेन्झेल वॉर्ड हा उत्तम बचावपटु मिळाला. आणि २०१७ ची पहिली पाळी त्यांनीं विकली नाहीं, तिच्यावर आलेला माइल्स गॅरेट २०२३ सालीं साऱ्या स्पर्धेंतील सर्वश्रेष्ठ बचावपटु ठरला.

२०२५ च्या व्यवहाराचा निकाल एका हंगामावरून देणें अन्यायाचें होईल. ऑक्टोबरच्या अखेरीस सराव करतांना हंटरचा गुडघा दुखावला व त्याचा हंगाम सात सामन्यांवर संपला. तेव्हां पुतण्याचा पुन्हां फोन आला. "म्हणजे आम्हीं केलें तें बरोबरच होतें ना, काका?" मीं म्हटलें, "बाबा, दुसऱ्याचा गुडघा मोडला म्हणून आपलें गणित बरोबर ठरत नाहीं. एप्रिलमध्यें जेवढें माहीत होतें तेवढ्यावरच तें तपासावें. तो क्वार्टरबॅक नव्हता, तुमच्या संघांत उणिवा अनेक होत्या, आणि मोल चांगलें येत होतें. तेव्हां व्यवहार योग्यच."

"म्हणजे तुम्हीहि मोहोर मोडली असती?"

"मोडली असती," मीं म्हटलें, "पण त्याच दिवशीं रुपयांच्या हिशेबाची वही उघडली असती."